शंभर गायी, एक वळू

दरवर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर एकच ओळ लिहिते: गोठ्यात 100 गायी आणि 1 वळू. मग विचारते, जनावरं किती? मुलं एकमेकांकडे बघतात. एवढं सोपं विचारलंय म्हणजे यात काहीतरी गोम असणार, हे त्यांना कळतं. तरी शेवटच्या बाकावरून कोणीतरी म्हणतंच, "101". मी खाली आकडा लिहिते: 4.

हा चार कुठून आला ते कळलं, की आमचा निम्मा विषय कळला. मी मुंबईत प्राण्यांची आनुवंशिकी शिकवते. माझं अर्धं काम गायी-म्हशींवर चालतं आणि अर्धं जंगलातल्या जनावरांवर. गाय आणि बिबट्या एकाच टेबलावर कसे, असं मला घरीदारी सगळे विचारतात. दोघांचं गणित एकच आहे, म्हणून.

वासराला निम्मी जनुकं आईकडून मिळतात, निम्मी बापाकडून. म्हणजे पुढच्या पिढीतली निम्मी जनुकं नरांकडूनच येणार, मग नर एक असो की पन्नास. आपल्या गोठ्यात 100 वासरं झाली तर सगळ्यांचा बाप एकच. प्रत्येक वासरू उरलेल्या 99 वासरांचं सावत्र भावंड. आता सूत्र बघा. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, त्याची चौपट करायची, आणि नर-माद्यांच्या बेरजेने भागायचं. 4 गुणिले 1 गुणिले 100 म्हणजे 400, भागिले 101. उत्तर 3.96. याला प्रभावी संख्या म्हणतात. दावणीला 101 जनावरं उभी असली, तरी जनुकांचं वैविध्य टिकवण्याच्या कामी हा कळप दोन नर आणि दोन माद्यांच्या कळपाइतकाच.

मुलांना मी पुढचं गणित स्वतः करायला लावते. गायी 100 च्या 200 केल्या तर? उत्तर 3.98. शंभर गायी विकत आणल्या आणि हाती काही लागलं नाही. गायी तेवढ्याच ठेवून वळू 10 केले तर? 36. इथे वर्गात जरा शांतता होते. ती मला फार आवडते.

प्रभावी संख्या 4 असली की दर पिढीला उरलेल्या वैविध्याचा आठवा हिस्सा जातो. जातो म्हणजे काय, ते सांगायला मी घरून कडधान्यं नेते. बरणीत मूग, मटकी, थोडी चवळी आणि कुळथाचे पाच दाणे. एका मुलीला डोळे मिटून वीस दाणे काढायला सांगते. त्या विसात ज्या प्रमाणात जे आलं, त्याच प्रमाणात दुसरी बरणी भरायची. त्या बरणीतून पुन्हा वीस दाणे, मग तिसरी बरणी. कुळीथ बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या फेरीतच गायब होतो. तो किडका होता म्हणून गेला नाही. मूठ लहान होती, एवढंच. आणि एकदा गेला की त्या बरण्यांमध्ये तो पुन्हा येत नाही, कितीही फेऱ्या करा. कळप लहान असला की जनुकांचंही असंच होतं.

कधी उलटंही होतं. दुर्मिळ दाणाच मुठीत जास्त येतो. ओडिशातल्या सिमिलिपालच्या जंगलात काळे वाघ दिसतात. खरं तर त्यांचे पट्टे इतके रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात, की वाघ काळा वाटतो. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये दाखवून दिलं, की यामागे एका जनुकातला एकच बदल आहे. दुसरीकडे जंगलात जवळजवळ न सापडणारा हा बदल सिमिलिपालच्या वाघांमध्ये भरपूर आहे, कारण तिथले वाघ थोडे आणि बाकीच्या वाघांपासून तुटलेले. काळा वाघ बघायला पर्यटक हौसेने जातात. मला त्या फोटोत आधी तुटलेपण दिसतं.

आता नात्यातलं गणित. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अनेक घरांत होतं. अशा जोडप्याच्या मुलाला एखाद्या ठिकाणी आईकडून आणि बापाकडून, एकाच पूर्वजाचं तेच जनुक मिळण्याची शक्यता 16 मध्ये 1. सावत्र भावंडांच्या पिल्लात ती 8 मध्ये 1 होते. वळू आपल्याच कालवडीवर गेला तर 4 मध्ये 1, आणि एकच वळू वर्षानुवर्षं ठेवला की हे होणारच. प्रत्येक प्राण्यात काही बिघडलेली जनुकं असतातच, तुमच्या-माझ्यातही. जोडीतलं दुसरं जनुक चांगलं असेल तोवर झाकली मूठ राहते. दोन्हीकडून तेच बिघडलेलं आलं की मूठ उघडते.

याचं सगळ्यात महागडं उदाहरण दुधाच्या धंद्यातलं आहे. होल्स्टीन, म्हणजे आपल्याकडची एचएफ. अमेरिकेत या जातीच्या जवळपास 90 लाख गायी आहेत, पण प्रभावी संख्या शंभराच्याही आत. कृत्रिम रेतनामुळे एका वळूची हजारो, लाखो वासरं होऊ शकतात आणि सगळ्यांना वळू हवा असतो तो अव्वल नंबरचा. 1962 साली जन्मलेला चीफ नावाचा वळू असाच अव्वल होता. त्याच्या लेकींनी भरपूर दूध दिलं. त्याच्यात एक बिघडलेलं जनुकही होतं, आणि ते त्याच्या वंशातून जगभर पसरलं. दोन्ही बाजूंनी तेच आलं की गर्भ पोटातच मरतो. यामुळे जगभरात सुमारे पाच लाख गर्भपात झाले असावेत, असा अंदाज 2016 मध्ये मांडला गेला. गाय गाभण राहिली होती आणि टिकली नाही, एवढंच गोठेवाल्याला दिसायचं. तो चारा बदलायचा, डॉक्टर बदलायचा, नशिबाला दोष द्यायचा. कारण सापडायला अर्धशतक लागलं.

चला आता बोरिवलीला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं. एका बाजूला पश्चिम द्रुतगती महामार्ग, दुसरीकडे मुलुंड-ठाण्याच्या इमारती, उत्तरेला घोडबंदर रोड आणि वसईची खाडी. आत बिबटे भरपूर. बिबटे किती आहेत ही बातमी पेपरात दरवेळी छापून येते. माझ्या मनात येतं ते वेगळंच: बाहेरून शेवटचा कधी आला?

एक आलेला आपल्याला माहीत आहे. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनखात्याचे लोक त्याच्यावर लक्ष ठेवून होते. वयस्क म्हणून त्याचं नाव ठेवलं आजोबा. हा आजोबा चालत सुटला. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याकडे रेल्वेमार्ग ओलांडला, वसईच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून खाडीपाशी आला, ती पार केली आणि राष्ट्रीय उद्यानात पोचला. सुमारे 120 किलोमीटर. पुढे 2011 मध्ये वाहनाच्या धडकेत तो गेला.

या चालण्याची किंमत आनुवंशिकीत मोजता येते. ढोबळ नियम असा, की दर पिढीला बाहेरून एक जरी जनावर येऊन, पिल्लं देऊन गेलं, तरी तुटलेल्या कळपाचं वैविध्य बऱ्यापैकी टिकून राहतं. पिढीला एक! बोरिवली ते तुंगारेश्वर, तिथून पुढे तानसा आणि सह्याद्री, असा झाडोऱ्याचा एखादा पट्टा मोकळा ठेवला तर एक बिबट्या येणं अशक्य नाही. महामार्गाखाली भुयारी वाट हवी असं वन्यजीववाले म्हणतात, तेव्हा ते या एकासाठी म्हणत असतात. ती वाट बंद झाली तर काय होतं, हे फ्लोरिडात दिसलं. तिथल्या प्यूमा या रानमांजरांची संख्या 20 ते 30 वर आली होती. शेपटीला गाठ, हृदयात दोष, नरांमध्ये वृषण खाली न उतरणं असं सगळं दिसायला लागलं. 1995 मध्ये टेक्ससहून आठ माद्या आणून सोडल्या. पिल्लं धडधाकट निपजली आणि पुढच्या काही वर्षांत संख्या तिपटीच्या आसपास गेली.

बिबट्या बाहेरून आला का, कोण कोणाचं पिल्लू, हे कळायला त्याला पकडावं लागत नाही. त्याची विष्ठा पुरते. हे काम सकाळी लवकर करायचं, थंडीत किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला, कारण पावसात नमुना धुऊन जातो आणि कडक उन्हात डीएनए तुटतो. वाटेच्या मधोमध, बहुतेक वेळा दोन वाटा मिळतात तिथे ती पडलेली असते. आत केस, हाडांचे तुकडे. नवीन हातमोजा घालायचा, दर नमुन्याला वेगळा. आपल्याला आतला भाग नको असतो, वरची चकचकीत पापुद्र्यासारखी थर हवी असते. आतड्यातून सरकताना बिबट्याच्या स्वतःच्या पेशी तिथे चिकटतात. कापसाच्या काडीने तो थर पुसून घ्यायचा, काडी अल्कोहोलच्या नळीत टाकायची आणि नळीवर पेन्सिलीने लिहायचं. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये पुसली जाते, हे एकदा चुकल्यावर कोणी विसरत नाही.

मुंबईत यात आणखी एक घोळ असतो. आरेत आणि उद्यानाच्या कडेला भटकी कुत्री पुष्कळ, त्यांची विष्ठा वरवर तशीच दिसते. शिवाय इथले बिबटे कुत्री खातात, म्हणजे बिबट्याच्या विष्ठेतही कुत्र्याचा डीएनए निघतो. म्हणून पहिली चाचणी जात ओळखायची, आणि तीही फक्त बिबट्याच्याच डीएनएला पकडेल अशी. मग पीसीआर. हे यंत्र डीएनएच्या हव्या त्या तुकड्याची प्रत काढतं, एकाचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे 107 कोटी होतात. मग डीएनएतल्या अशा दहा-बारा जागा वाचायच्या, जिथे तीच दोन-तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. कोणाच्यात ती 14 वेळा येतात, कोणाच्यात 17 वेळा. सगळ्या जागा मिळून जो आकड्यांचा संच होतो तो त्या बिबट्याचा आधार क्रमांक समजा. दोन नमुन्यांचा संच एकच आला तर बिबट्या एकच. निम्मे आकडे जुळले तर नातं.

पाळीव जनावरांच्या बाबतीत मात्र पकडावं लागतं, आणि मालकाशी बोलावं लागतं. मला हे काम जास्त आवडतं. अकोले तालुक्यात एका वस्तीवर डांगी गायींचं रक्त घ्यायला गेले होते. डांगी म्हणजे इगतपुरी-अकोल्याच्या धुवाधार पावसातली जात. कातडी तेलकट, पाणी निथळून जातं. खूर काळे आणि टणक, भाताच्या चिखलात कुजत नाहीत. दूध बेताचं. एचएफ त्या पावसात उभी केली तर चार दिवसांत डॉक्टर बोलवावा लागेल. गोठ्याचे मालक सत्तरीचे. मी मानेच्या शिरेतून रक्त घेत होते, ते गायीच्या शिंगांना धरून उभे होते.

"गाय आजारी नाही, ताई. रक्तात काय बघता?"

"तिचं कुळ बघतो, बाबा."

"कुळ मला तोंडपाठ आहे की. ही चांदीची. चांदी ढवळीची. ढवळी माझ्या लग्नात सासऱ्याने दिली, तिची आई पांढऱ्या कपाळाची होती."

चार पिढ्या, एका दमात. मग मी विचारलं, "आणि बाप?"

ते थांबले. "बाप? वळू गावाचा."

चाळीस वर्षं शिकून मी जे शिकवते ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं. आईची रेषा माहीत, बापाची नाही. डीएनएतही हे वेगवेगळं वाचता येतं. पेशीत ऊर्जा तयार करणारा एक भाग असतो, मायटोकाँड्रिया. त्याचा डीएनए फक्त आईकडून येतो. चांदी, ढवळी, पांढऱ्या कपाळाची ही सगळी साखळी त्यात असते. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. त्यावरून वळूंचे वंश किती उरलेत ते कळतं. होल्स्टीनमध्ये असं शोधलं तेव्हा अमेरिकेतल्या कृत्रिम रेतनाच्या वळूंचे मूळपुरुष फक्त दोन निघाले, दोघांचाही जन्म 1880 चा.

देशी जातींची रीतसर नोंद कर्नालची एनबीएजीआर ही संस्था करते. ती 1984 पासून आहे. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ, डांगी या तिच्या यादीत आहेतच. कोकणातली बुटकी, काटक गाय मात्र कित्येक वर्षं गावठी म्हणूनच मोजली गेली. तिला 2018 मध्ये कोकण कपिला म्हणून नोंद मिळाली. कोकणातल्या माणसांना ती कायम माहीत होती, सरकारी कागदाला नव्हती. कागदावर नाव नसलेल्या जातीसाठी वळू पैदास केंद्र कोण काढणार? म्हणून ही नोंद मला महत्त्वाची वाटते.

मुंबईचंही एक देणं आहे, ते सांगायला हवं. 1949 मध्ये आरे दुग्ध वसाहत झाली आणि शहरातले तबेले तिकडे हलू लागले. हरियाणाची मुऱ्हा, गुजरातची मेहसाणा, जाफराबादी अशा निवडक, नुकत्याच व्यालेल्या म्हशी मुंबईत आणल्या जात. दूध आटलं की भाकड म्हैस इथे पोसणं परवडत नसे. तिला परत गावी पाठवून पुन्हा गाभण करण्याऐवजी ती बरेचदा खाटकाकडे जाई. रेडकंही टिकत नसत. म्हणजे गावोगावच्या उत्तमातल्या उत्तम म्हशींचा वंश मुंबईच्या चहात संपत होता. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण माझं लहानपण त्याच दुधावर गेलं.

पाळीव आणि जंगली ही दोन खाती कुठे एक होतात ते बघायचं तर गडचिरोलीला जावं. तिथे कोलामार्काच्या जंगलात रानम्हशी आहेत, मोजक्याच. आजूबाजूच्या गावांत पाळीव म्हशी. दोघींचा संकर होऊ शकतो. तेव्हा शिंगांवरून रानम्हैस म्हणून जपतोय ती किती रान आणि किती गाव, हा प्रश्न डीएनएशिवाय सुटत नाही. उलट दिशेनेही देवाणघेवाण होते. गोठ्यात वापरलं जाणारं कृत्रिम रेतन राजस्थानात माळढोक पक्ष्यावर वापरलं, आणि 2024 मध्ये त्यातून पहिलं पिल्लू जन्मलं. सोलापूरच्या नान्नजला एकेकाळी दिसणारा तोच माळढोक.

हे सगळं वाचून एखाद्या मुलीला वाटलं असेल की आपणही या कामात जावं, तर दोन वाटा आहेत. बारावीनंतर नीट देऊन पशुवैद्यकीय पदवी: इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. परळचं बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज 1886 पासून चालू आहे. पुढे पशुअनुवंश आणि पैदास या विषयात एमव्हीएससी. दुसरी वाट बीएससी, मग जीवशास्त्रातली किंवा वन्यजीवशास्त्रातली एमएससी. डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, बंगळुरूचं एनसीबीएस आणि हैदराबादला सीसीएमबीची लॅकोन्स प्रयोगशाळा ही नावं लक्षात ठेवा. फोर्टातल्या हॉर्नबिल हाउसमध्ये बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आहे, 1883 पासून. पीएचडीला नेट ही राष्ट्रीय परीक्षा पास होऊन जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये, दोन वर्षांनी 42,000. मुंबईत भाडं भरून हे ओढाताणीचंच आहे, आणि पीएचडी पाच-सहा वर्षं चालते. घरच्यांशी हे आधीच बोलून घ्यावं. गणिताची भीती असेल तर ती मात्र घालवावी लागेल. आमचं निम्मं आयुष्य संगणकावर संख्याशास्त्र करण्यात जातं.

आणि धीर लागतो. वाळलेली विष्ठा उचलायलाही वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते, तो अर्ज नागपूरला जातो, आणि तोवर थंडी संपते. मी पूर्वी जिथे काम करत होते त्या प्रयोगशाळेत एका पावसाळी शनिवारी वीज गेली, जनरेटर सुरू झाला नाही आणि सोमवारी उणे 80 अंशांच्या फ्रीझरमधून पाणी ओघळत होतं. दोन हंगामांचं रक्त गेलं. त्यातल्या काही गायी तोवर विकल्या गेल्या होत्या, पुन्हा मिळणार नव्हत्या. तेव्हापासून प्रत्येक रक्ताचा एक थेंब मी खास कागदावर वाळवून वेगळ्या इमारतीत ठेवते. वाळलेला थेंब फ्रीझरशिवाय वर्षानुवर्षं टिकतो. माझ्या विद्यार्थ्यांना पीसीआर शिकवण्याआधी मी हे शिकवते.

अकोल्याच्या बाबांना आम्ही निकाल सांगायला परत गेलो. हे करावंच, असं माझं ठाम मत आहे. रक्त घेऊन गेलेली माणसं पुन्हा दिसली नाहीत, ही तक्रार मी फार गोठ्यांत ऐकली आहे. त्यांच्या वस्तीवरच्या आठ वासरांपैकी सहा एकाच वळूची निघाली. तो वळू अजून तिथेच होता आणि कालवडी वयात येत होत्या. मी त्यांना आकडे सांगितले नाहीत, एवढंच म्हटलं की आता वळू बदला, आणि याच वळूचा भाऊ आणू नका.

"मग कुठला आणू?"

"दोन घाट ओलांडून पलीकडचा."

त्यांनी विचार केला. "राजूरच्या प्रदर्शनात येतात तिकडची माणसं. तुम्हीपण या, ताई. खूर आणि रंग मी बघतो. बाप कोण ते तुम्ही बघा."

आम्ही गेलो. सोबत रक्ताच्या नळ्या, पेन्सिल आणि तो वाळवायचा कागद.